काकांच्या गप्पा आणि माझा पारा

मी एक जुने, पाऱ्यावर चालणारे, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे, एवढे तरी नक्की. त्यापुढची हकीकत मित्रांनो, मी सांगते खरी. पण तिच्यातले मला किती कळले, ते कृपा करून विचारू नका.

एका कारागिराच्या बाकावर मी जन्मले. त्याने काचेच्या नळीवर बारीक रेघा आखल्या, तळाशी पारा ओतला आणि झाकण लावताना मला बजावले, "जे असेल तेच दाखव. जास्त शहाणपणा करू नकोस." शहाणपणा माझ्यापाशी नव्हताच. एक पट्टा, एक रबरी फुगा आणि पत्र्याची पेटी, एवढाच माझा संसार.

एका मोठ्या कारखान्याच्या दवाखान्यात मी नोकरीला लागले. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, सह्या करत आणि जात. बाकी राज्य कंपाउंडरकाकांचे. काका रोज मला फडक्याने पुसत आणि "हिच्याइतकं खरं कुणी बोलत नाही" असे सांगत. यंत्र म्हणून मी खरे तर नपुंसकलिंगी, हे त्यांना कधी कळले नाही, पण कौतुक होत असताना चूक कोण दाखवणार? तेव्हापासून मीही स्वतःला 'ती'च म्हणते.

काकांची एक पद्धत होती. पेशंट घाबरू नये म्हणून ते मोजताना त्याच्याशी गप्पा मारत. टेबलावर गोळ्यांचे डबे, कापसाचे गठ्ठे आणि महिनाभराची वर्तमानपत्रे असत, त्यामुळे पेशंटचा हात खुर्चीवरून खाली लोंबत राही. काका फुगा दाबत आणि घरची चौकशी करत. कानांत स्टेथोस्कोप असल्याने उत्तर त्यांना ऐकू येत नसे. तरी पेशंट बिचारा तावातावाने सांगत राही.

तीस वर्षे असेच चालले. मग घारतात्यांची पाळी आली.

घारतात्या क्रेन चालवत. दिवसभर कारखान्याच्या छपराखाली उंच बसत म्हणून सगळे त्यांना घार म्हणत. नियम असा होता की वरचा आकडा सलग तीन महिने दीडशेच्या पुढे गेला, तर क्रेनवरून उतरायचे आणि गोदामात खोकी रचायची.

पहिल्या महिन्यात काकांनी पट्टा बांधला आणि विचारले, "काय तात्या, जावई अजून तुमच्याकडेच का?"

"आठ महिने झाले! सोफ्यावरून उठत नाही!"

पारा एकशे बासष्टला थांबला. दुसऱ्या महिन्यात काकांनी पुन्हा तीच चौकशी केली. एकशे पासष्ट. मला कळेना, मी रक्त मोजते आहे की जावई?

"खटारं बिघडलंय तुमचं," तात्या म्हणाले.

"ती खोटं बोलत नाही. तुम्हीच मीठ कमी करा."

तरी काकांनी मला दुरुस्तीला पाठवले. कारागिराने तपासले आणि "ठीक आहे" अशी चिठ्ठी चिकटवून परत धाडले. मी ठीक होते. तात्या म्हणत तेही ठीक आहेत. मग बिघडले होते कोण?

त्याच सुमारास एका संशोधन संस्थेतून एक ताई आली. हात कुठे ठेवला तर रक्तदाबाचा आकडा किती बदलतो, यावर तिचा अभ्यास चालला होता. मी चक्रावले. आकडा माणसाचा असतो अशी माझी समजूत. आता म्हणे त्यात टेबलाचाही वाटा!

तिसऱ्या महिन्यात तात्या घामेजून आले. ताईने टेबल रिकामे केले, तात्यांचा हात छातीच्या उंचीवर टेकवला, पाय जमिनीला लावायला सांगितले. "आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. काका, तुम्हीसुद्धा."

"मी तर पेशंटला धीर देतो!"

"धीर नंतर द्या. बोललं की आकडा चढतो."

ती पाच मिनिटे काकांनी कशी काढली ते मी पाहिले आहे. पारा उतरला तो एकशे बेचाळीसवर. पुन्हा मोजले. एकशे चाळीस.

"म्हणजे मला काहीच झालेलं नाही?" तात्यांनी विचारले.

"झालंय. औषधाचं डॉक्टरांना विचारायला हवंच," ताई म्हणाली. "पण क्रेन सुटली नाही तुमची."

काकांनी टाळी दिली. तात्यांनी घेतली नाही. ते म्हणाले, "काका, माझ्याआधी या क्रेनवर उस्ताद होते. त्यांनाही याच खुर्चीत बसवून उतरवलंत ना?"

काकांनी माझे झाकण लावले, मला काखोटीला मारले आणि थेट गोदाम गाठले. उस्तादांना एका खोक्यावर बसवले, पट्टा बांधून हात दुसऱ्या खोक्यावर टेकवला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. एक मिनिट गेले. दोन गेली.

"काका," उस्ताद हळूच म्हणाले, "आज गप्प का? काही वाईट निघालं का माझं?"

काकांनी नुसती मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळेना. उस्तादांचा चेहरा उतरला. काकांनी फुगा दाबला तेव्हा पारा चढला, पार एकशे सत्तरवर.

मित्रांनो, जे होते तेच मी दाखवले. खरे होते की नाही, ते मला सांगता येणार नाही. म्हणून विनंती एवढीच, की माझ्यापुढे बसाल तेव्हा हात टेकवा, पाय टेकवा आणि गप्प राहा. आणि समोरचा का गप्प आहे, ते त्याला आधीच विचारून घ्या. काकांनी ते उस्तादांना आता सांगितले आहे. आम्ही तिघे खोक्यांमध्ये बसलो आहोत. पाच मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजतो आहोत.