बाहुलीचं दूध

तीन महिने आई ठमीला एकच खेळ शिकवत होती. बाहुलीला मांडीवर घ्यायचं आणि पिवळ्या कपातून खोटंखोटं दूध पाजायचं. चार वर्षांची ठमी कप घेई आणि जमिनीवर भिंगरीसारखा फिरवत बसे. आज विशेष वर्गाच्या बाई बघणार होत्या. खेळली तर जागा, नाहीतर पुन्हा वर्षभर घरी. आईने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. देवाला तसं कबूल केलं होतं.

बाईंनी बाहुली आणि कप पुढे ठेवला. कप निळा निघाला. आईने पिशवीतून आपला कप काढला.

"आमचा पिवळा आणलाय, देऊ का?"

"नको. तुम्ही गप्प बसा बघू. परीक्षा तिची आहे, तुमची नव्हे."

ठमीने कप दोनदा फिरवला. मग बाहुलीला मांडीवर घेऊन तो तिच्या ओठांना लावला. बाहुली काही प्यायली नाही. तशी ठमीने कप आपटला, दोन्ही हातांनी कपाळ धरलं आणि आईच्याच रडव्या सुरात म्हणाली, "कर ना गं! माझे आई, पाया पडते तुझ्या. काय पाप केलंय मी?"

बाईंचं पेन थांबलं. "हे तुम्ही शिकवलं?"

आईने हातातला पिवळा कप पदराखाली झाकला.

"जागा दिली तिला," बाई हळूच म्हणाल्या.

तीन महिने देवाकडे मागितलेलं ते वाक्य आईला ऐकूच आलं नाही; ती ठमीकडे बघत होती. ठमीने आपले कोरडे डोळे पुसले, आई रोज पुसते तसे, आणि "चल, परत," म्हणत कप बाहुलीच्या तोंडाला लावला.