माग्दालेनाचा गाल

"ही आपली ओटिली नाही," रेगीना म्हणाली.

सूपाचं मडकं अजून तिच्या हातातच होतं. समोर दोरीवर नव्या चित्राचा कागदी छाप वाळत होता : आपल्या मरणाऱ्या मुलीला, माग्दालेनाला, कवेत घेऊन बसलेला धर्मसुधारक लूथर.

"अगं, नीट बघ तरी," तिचा नवरा गोटहोल्ड म्हणाला.

"बघितलं. दूध सांडून भाजलेला डाग तिच्या डाव्या गालावर होता. हिच्या उजव्या गालावर आहे. कुणाची पोर ही?"

गोटहोल्डनं वर पाहिलं. डाग उजव्याच गालावर होता.

*वादळात सापडलेला तरुण लूथर. चेहरा मालकांच्या हातचा. ढग, गवत, पाऊस : गोटहोल्ड.*

उभा जन्म त्यानं एर्फुर्टच्या याच कारखान्यात तांब्यावर कोरण्यात घालवला. छापताना डाव्याचं उजवं होतं, म्हणून सगळं उलटं कोरायचं. हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की "गोटहोल्ड, बायकोला मिठी तरी सुलटी मारतोस ना?" म्हणून छापणारे त्याला छळायचे.

*पोपचं फर्मान जाळणारा लूथर. चेहरे मालकांच्या हातचे. जाळ, धूर, गर्दीचे जोडे : गोटहोल्ड.*

चेहरा त्याच्या वाट्याला कधी आलाच नाही. यंदा ब्रुखनर मालकांचे डोळे अधू झाले, तेव्हा ते म्हणाले, "लूथर मी कोरतोय. पोरीचा चेहरा तू कर."

त्यांची पोर ओटिली गेल्या हिवाळ्यात घसा सुजून गेली होती. तिचं चित्र कुणी कधी काढलं नव्हतं. गोटहोल्डनं डोळे मिटले, समोर दिसली तशी तिला कोरली. दिसली तशीच. उलटवायची राहिली.

"मी?" तो पुटपुटला. "मी विसरलो?"

त्यानं रेगीनाचा दंड धरून तिला खिडकीशी नेलं, तांब्याचा पत्रा उजेडात तिरपा केला. तिनं मडकं खाली ठेवलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "ही बघ. डाग डाव्या गालावर. ही आहे."

*माग्दालेना. चेहरा*

"काय चाललंय?" ब्रुखनर मालक आत आले. दोरीवरचा छाप त्यांनी नाकाशी धरला. "हा गालावर काय डाग? लूथरच्या पोरीला असला डाग? पाद्रीबुवा उद्या बघायला येतायत. उडव तो."

"मालक, ती..."

"उडव म्हटलं ना. चेहरा झकास जमलाय. डाग तेवढा घालव."

ते गेले. गोटहोल्डनं पातं उचललं आणि डाग खरवडला. तांब्याचे बारीक कण त्याच्या नखांवर पडले. गाल तिथं खोलगट झाला; तसाच ठेवला तर खड्ड्यात शाई साचून छापात पुन्हा डागच उमटायचा. आता पत्रा पालथा घालून मागून ठोकायचा, म्हणजे खड्डा वर येतो. पण ठोकताना पत्रा दुसऱ्या कुणीतरी धरावा लागतो, आणि छापणारे जेवायला गेले होते.

रेगीना उठली. ऐरणीवर पालथ्या घातलेल्या पत्र्याच्या कडा तिनं दोन्ही हातांनी धरल्या. गोटहोल्डनं हातोडी उचलली.

"हळू," ती म्हणाली.