चार मीटर गेलेलं विमान

विमान 'गेलं' असं नेमकं कधी म्हणायचं, हा प्रश्न बुसैनाला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात पडला. असियूतच्या कॉलेजात चार वर्षं भौतिकशास्त्र शिकलेल्या मुलीला तो पडणारच. जमीन सोडली की गेलं, अशी तिची साधी समजूत होती. विमानतळाचे संचालक वगदी बे, म्हणजे वगदीसाहेब, यांनी ती दुरुस्त केली. "पोरी, चाकाखालची अडकणीची उटी निघाली आणि चाक हललं, की विमान गेलं. कागदावर तीच वेळ लागते. पुढे ते उडतं की पोहतं, ते वैमानिक बघून घेईल."

नियम जगभर असाच आहे. वगदी बेंनी तो फक्त शेवटापर्यंत नेला होता. विमानात काही कमी पडलं, जेवण आलं नाही, सामान राहिलं, तरी ठरल्या वेळी ट्रॅक्टर लावून ते चार मीटर मागे ढकलायचं आणि तिथं हवा तितका वेळ उभं ठेवायचं. त्या जागी उस्ता फिक्री या जुन्या मेकॅनिकनं एक पिवळी रेघही मारून ठेवली होती. सात महिन्यांत एकाही विमानाला उशीर झाला नव्हता. येत्या गुरुवारी कैरोहून वक्तशीरपणाची ढाल यायची होती. तिच्यासाठी भिंतीत खिळा आधीच ठोकलेला होता.

मंगळवारी कुवेतचं विमान चार दहाला होतं. प्रवासी बसले, सामान चढलं. फक्त वैमानिक नव्हता. खारवलेला मासा खाऊन त्याचं पोट बिघडलं होतं आणि बदली वैमानिक लक्सरहून मोटारीनं निघाला होता.

"वैमानिक नाही," बुसैना वायरलेसवर म्हणाली.

"चार मीटरला वैमानिक कशाला? ब्रेकवर फिक्रीला बसव."

चार नऊला विमान मागे सरकलं. दारावर प्रवासी सोडणारीही बुसैना आणि वेळ नोंदवणारीही बुसैनाच. तिनं 'रवाना'चं बटण दाबलं.

चार तेराला एक माणूस धावत आला. एका हातात कमरेचा पट्टा, दुसऱ्या हातात भाकऱ्यांची टोपली. ही टोपली तपासणीच्या यंत्रात अडकली होती आणि विमानतळावरचं ते एकुलतं एक यंत्र वीस मिनिटं बंद पडलं होतं. माणसाचं नाव अवदल्ला. टेबलामागे बसलेल्या कुणालाही तो डॉक्टर म्हणायचा.

"डॉक्टर, दार उघडा."

"विमान गेलं."

त्यानं काचेतून बाहेर पाहिलं. "मग हे कुठलं?"

"तेच."

"म्हणजे गेलेलं?"

"हो."

"आमच्या गावात गेलेला माणूस परत दिसत नाही, डॉक्टर."

तो चिडला नाही, म्हणून तिला जास्त अवघड झालं. कुवेतमध्ये तो अकरा वर्षं फरशा बसवत होता. वडलांचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून गावी आला आणि अडकला. सहा महिन्यांच्या आत परत पाय ठेवला नाही, तर तिथला राहण्याचा परवाना रद्द. सहा महिने आज रात्री बारा वाजता भरत होते. पुढचं विमान गुरुवारी.

"बसतो इथंच," असं म्हणून त्यानं काचेसमोर फरशीवर बैठक मारली. "गेलेलं विमान कुठं जातंय ते तरी बघू. फरशी बाकी वाकडी बसवलीय हं."

बुसैनानं अंदाज घेतला. त्याच्यापासून विमानापर्यंत बत्तीस-तेहतीस मीटर. तिनं वगदी बेंना फोन लावला.

"बे, एक जण राहिलाय. विमान तर उभंच आहे."

"उभं नाही, प्रवासात आहे. दार उघडलं की ते परत आलं असं धरतात, आणि सगळा उशीर आपल्या नावावर. त्याला म्हणावं, गुरुवारी जा."

पावणेसहाला बदली वैमानिक, कॅप्टन हातिम, धापा टाकत दारापाशी आला. बुसैनानं त्याचं कार्ड यंत्रासमोर धरलं. लाल दिवा लागला.

"कॅप्टन, विमान गेलं," ती म्हणाली.

त्यानं काचेतून पाहिलं. "कोणी नेलं?"

"मीही तेच विचारलं, बाशा," अवदल्ला खालून म्हणाला. "या, बसा."

वगदी बे जिना उतरून आले. "पोरी, कॅप्टनला सोड."

"सोडते. पण दार उघडलं की विमान परत आलं. तुम्हीच सांगितलंत. उशिराचं कारण काय लिहू? वैमानिक नसताना विमान सोडलं, असं?"

वगदी बेंनी रुमाल काढला. बाहेर विमानाच्या खिडक्यांतून एकशे चाळीस माणसं सूचनांच्या कार्डानं वारा घेत होती.

"कारणांच्या यादीत दुसरं काय आहे?"

"धुळीचं वादळ."

सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं. ते स्वच्छ होतं.

"प्रवासी उशिरा आला," तिनं पुढचं वाचलं. "हा उशीर विमानतळाच्या माथी लागत नाही."

वगदी बेंची नजर फरशीवर गेली. "हा उशिरा आला होता ना?"

"तीन मिनिटं. तेही आपल्या यंत्रामुळे."

"लिही याचं नाव."

बुसैनाचं बोट थांबलं. तीन मिनिटांतून शंभर मिनिटं निघत नाहीत, हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नव्हतं. पण तिला दुसरंच काही दिसलं.

"लिहिते, बे. पण याच्यासाठी थांबलो म्हणायचं, तर हा विमानात हवा. शंभर मिनिटं थांबून घेतलंच नाही, तर थांबलात कशाला, असं गुरुवारी ढाल घेऊन येणारं कुणीतरी विचारेल."

वगदी बेंनी रुमाल परत खिशात घातला. मग म्हणाले, "जिना लाव."

"माझंच नाव लिहा, डॉक्टर," अवदल्ला उठत म्हणाला. "पुढे वडलांचं लिहा. जागा उरली तर आजोबांचं."

तिनं लिहिलं. पिवळी रेघ खोटी होती, पण ती फिक्रीनं मारली होती. शंभर मिनिटांचा हा खोटा आकडा तिनं स्वतःच्या हातानं घातला. आता गुरुवारी ढाल येणार, खिळाही वाया जाणार नाही.

काचेतून तिला दिसलं. उशिरा आलेल्या प्रवाशासाठी थांबलो, अशी विमानात घोषणा झाली असावी, कारण अवदल्ला दारात पोचताच आतून एकच गलका उठला. तो छातीवर हात ठेवून वाकला, माफी मागितली, पुन्हा वाकला. दोन पायऱ्या खाली कॅप्टन हातिम टोपी काखेत मारून, भाकऱ्यांची टोपली दोन्ही हातांनी सांभाळत, गलका शांत होण्याची वाट बघत उभा होता.

सहा वाजून चार मिनिटांनी तेच विमान दुसऱ्यांदा गेलं. ते धावपट्टीवरून उचललं जाईपर्यंत बुसैनानं बटणाला हात लावला नाही.