तोरवानची माती

सोरहा ओ'डॉर्ननचा मुलगा मॅनस ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बुडाला, तेव्हा त्याच्या गळ्यात तोरवानची माती होती. चिमूटभर, फडक्यात बांधलेली. ती त्याला सोरहानंच दिली होती. इनिशरोन बेटावर ती माती द्यायचा अधिकार तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला नाही.

मी नाब्ला, बेटावरचं पोस्ट सांभाळते. सोरहाच्या आणि माझ्या अंगणामध्ये एक दगडी गडगा आहे आणि त्याला एक खिंडार आहे. ते बुजवायचं आमच्या दोघींच्या नवऱ्यांनी कित्येक वर्षं ठरवलं आणि दोघेही न बुजवता गेले. त्यामुळे तिच्या घरातलं मला जेवढं ठाऊक, तेवढं फादरनाही नाही.

संत तोरवान आमच्या बेटावर आला तो उलट्या करतच आला, असं आमच्याकडे सांगतात. कातड्याच्या होडीतून तीन दिवस हेलकावे खात आलेला माणूस; किनाऱ्याला लागला तेव्हा त्याला उभंही राहता येईना. त्या काळी आमची माणसं समुद्रानं घेतलेलं परत घेत नसत. प्रेत वाहून आलं तर काठीनं पुन्हा लाटेत ढकलून द्यायची. समुद्राचं आपण ठेवून घेतलं तर बदल्यात तो आपल्यातला एक नेईल, ही धास्ती. तोरवान आला त्याच आठवड्यात एक प्रेत लागलं. यानं झगा कमरेला खोचला, पाण्यात शिरला आणि ते खांद्यावर घेऊन वर आला. सगळं गाव हातात दगड घेऊन उभं. आमची भाषा त्याला धड येत नव्हती, त्यामुळे तो काही बोललाही नाही. गर्दीतून एक बाई पुढे झाली आणि तिनं प्रेताचे लोंबणारे पाय धरले. दोघांनी मिळून खड्डा खणला; पुढे बुडालेल्या सगळ्यांना त्याच आवारात पुरायला लागले. ती बाई म्हणजे ओ'डॉर्ननांच्या घराण्याचं मूळ.

पुढे तोरवान चाळीस वर्षं इथं राहिला. भाषा शिकला, बार्ली कशी पेरायची ते शिकवलं, दगडाचं छोटं प्रार्थनाघर बांधलं, सगळ्यांना बाप्तिस्मा दिला. मरताना मात्र त्यानं आपल्याला त्या बुडालेल्यांच्या आवारातच पुरायला सांगितलं. इथली माती ज्याच्याजवळ असेल त्याला समुद्र ठेवून घेणार नाही, असं तो म्हणाला म्हणतात. आणि ती त्या बाईच्या घराण्यातल्या सगळ्यात वडील माणसानं स्वतःच्या हातानं, उपाशीपोटी, मोबदल्यात काही न घेता द्यायची.

सोरहा एकतीस वर्षं देत होती. बापामागून तिच्याकडे आलं. मुख्य भूमीवरचे मोठमोठ्या बोटींचे तांडेलसुद्धा हंगामाआधी येऊन टोपी हातात घेऊन तिच्या दारात उभे राहायचे.

मॅनस गावातल्या फेलिमच्या बोटीवर होता. शेवंडं, म्हणजे मोठे झिंगे, धरायचे पिंजरे हिवाळ्याआधी काढून आणायचे म्हणून तिघं गेले होते: फेलिम, त्याचा मेहुणा आणि मॅनस. परत येताना खाडीच्या तोंडाशी मागून लाट आली आणि बोट उलटली. फेलिम आणि मेहुणा खडकाला चिकटून राहिले. मॅनसला त्यांनी एकदा पाहिलं, मग नाही. नऊ दिवस सगळ्या बोटी शोधत होत्या. टोपीसुद्धा मिळाली नाही.

त्या नऊ दिवसांत सोरहाच्या घरात बायकांची रीघ होती. सगळ्यांना चहा तिनंच केला. कुणी म्हातारी गळ्यात पडून रडायला लागली की ती तिची पाठ थोपटायची आणि किटलीकडे बघायची. मी रोज वाट बघत होते, की आता फुटेल, उद्या फुटेल. दहाव्या दिवशी शनिवार होता. ती नेहमीसारखी खिंडारातून अंडी घेऊन आली.

"पाचच आहेत," म्हणाली. "एक वाटेत फुटलं."

मी तिला बस म्हटलं. ती बसली. मग म्हणाली, "बटाटे दोघांचेच उकडते मी अजून. हाताला सवय. उरलेले कोंबड्या खातात." हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं आणि उठून गेली.

फेब्रुवारीत बोटी निघायच्या आधी सगळं बेट एकाच गोष्टीवर कुजबुजत होतं. आता माती मागायला जाणार कोण? आणि गेलंच तर ती देणार का? फादर लॉखलन तर मुख्य भूमीवरून मुद्दाम तिच्या घरी येऊन गेले. तरुण माणूस, मनानं चांगला. म्हणाले, "सोरहाबाई, या वर्षी नाही दिलीत तरी चालेल. कुणी काही म्हणणार नाही."

"न देऊन काय करू, फादर?" ती म्हणाली.

फादरनी चहा संपवला आणि ते निघाले.

मुख्य भूमीवरून सहा जण आले. सकाळच्या गारठ्यात तिच्या दाराशी उभे राहिले, एकमेकांकडे न बघता. ती कोट घालून बाहेर आली, त्यांच्यापुढे चालत आवारात गेली, गुडघ्यावर बसली, बोटांनी माती उकरली आणि एकेकाच्या तळहातावर ठेवली. दर वेळी तेच म्हणाली, जे तिचा बाप म्हणायचा: "तोरवानच्या नावानं." आवाज जराही हलला नाही. शेवटचा पोरगेला खलाशी रडायला लागला, तर त्याला म्हणाली, "मूठ मीट, सांडेल."

मला राहवलं नाही. ते गेल्यावर मी खिंडारातूनच विचारलं, "तू कशी गं देतेस?"

"हातानं."

"सोरहा!"

"कळलं मला तुला काय म्हणायचंय." ती नखांतली माती काढत होती. "सकाळी उठते. कोंबड्यांना घालते. दारात कुणी आलं असेल तर माती देते. विचार करायला बसले तर, नाब्ला, कोंबड्यांनाही घालणं व्हायचं नाही."

"पण तुझ्या मनात येत नाही का, की ती खोटी..."

"मनात काही येतच नाही. तिथं आता काही नाहीये. तू हिवाळ्यात पंपाचा दांडा मारतेस आणि पाणी येत नाही ना, तसं आहे."

फेलिम मात्र ऑक्टोबरपासून तिच्या दाराकडे फिरकला नव्हता. बोट त्यानं किनाऱ्यावर ओढून पालथी घातली होती. रस्त्यात सोरहा दिसली तर तो शेतात वळायचा.

एप्रिलमध्ये वादळानं आम्हाला चार दिवस कोंडलं. पहिल्याच दिवशी दुपारी फेलिम लाकडं वेचायला किनाऱ्यावर गेला होता, तो धावत वर आला. मी सोरहाच्या स्वयंपाकघरात होते. दारात तो भिजून उभा, ओठ पांढरे.

"काकू, खाली एक माणूस लागलाय."

सोरहाच्या हातात बशी होती. ती तिनं मेजावर ठेवली. "कोण?"

"आपला नव्हे," तो घाईघाईनं म्हणाला. "काकू, आपला नव्हे तो. केस काळे आहेत."

"बरं." तिनं पेटीतून धुतलेली चादर काढली. "चल. डोक्याकडून तू धर, पाय मी धरते."

तो पाण्यात फार दिवस राहिला नसावा. पंचविशीतला असेल. चेहऱ्याचं मी सांगत नाही. आम्ही वर आणला तेव्हा फेलिम तोरवानच्या जुन्या प्रार्थनाघराकडे वळायला लागला, पण त्याच्यावर छप्पर नाही आणि पाऊस आडवा येत होता. सोरहा म्हणाली, "घरी घ्या." आणि घरात आल्यावर मॅनसच्या खोलीचं दार तिनं पायानं ढकललं.

"तिथं नको, काकू," फेलिम म्हणाला.

"का? खाट रिकामीच आहे."

तिनं त्याला धुतलं. बुडालेल्याला धुवायचं काम त्यांच्याच घराण्याचं, तोरवानच्या वेळेपासून. तिनं याआधी तिघांना धुतलेलं मी पाहिलं आहे. मी घंगाळ धरलं होतं. बोटांच्या मधून, कानामागून तिनं वाळू काढली, बाळाची काढावी तशी. मग मॅनसचा सदरा आणला आणि त्याला घातला. बाह्या लांब झाल्या. मॅनसचे हात लांब होते. तिनं दोन्ही बाह्या दोन-दोन घड्या घालून मनगटापर्यंत आणल्या आणि घड्या सारख्या आहेत का ते वाकून पाहिलं.

मला हुंदका आवरेना.

"नाब्ला," ती म्हणाली, "पाणी सांडतंय."

फेलिम दाराच्या चौकटीपाशी खाली बसला होता. भिंतीकडे बघत म्हणाला, "मी त्याचा हात धरला होता, काकू. मॅनसचा. सांगितलं नाही मी कुणाला. धरला होता आणि सुटला."

मला वाटलं आता काहीतरी होणार. सोरहानं टॉवेल पिळला, दांडीवर टाकला. बराच वेळ ती टॉवेलाची टोकं जुळवत राहिली.

"गार होतं पाणी," ती म्हणाली. "बोटं चालत नाहीत. ऊठ आता, चुलीत पीटची ढेकळं टाक, तूही भिजलायस."

त्यानं ती दलदलीतली वाळवलेल्या मातीची ढेकळं जाळावर टाकली. त्या दिवसापासून तो रोज तिच्याकडे ढेकळं टाकायला यायला लागला. बोट त्यानं मेहुण्याला देऊन टाकली आणि पुन्हा समुद्रावर गेला नाही. त्याबद्दल दोघांत काही बोलणं झाल्याचं मला ठाऊक नाही.

फोनवर पोलिसांनी प्रेत पुरू नका म्हणून सांगितलं. चार दिवस तो परका माणूस उघड्या खिडकीखाली मॅनसच्या खाटेवर होता आणि सोरहा शाल गुंडाळून शेजारी मोजा विणत बसली होती. पाचव्या दिवशी समुद्र बसला, फादर आणि पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. स्पेनच्या कडेला गॅलिसिया म्हणून मुलूख आहे, तिथल्या मासेमारी बोटीवरचा निघाला. आमारो नाव.

ऑगस्टमध्ये त्याची आई आली. बालबीना. बुटकी, काळ्या कपड्यांतली, हातात पुठ्ठ्याची पेटी. तिला आमची भाषा येईना, आम्हाला तिची. तिच्या गावच्या पाद्र्यानं इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली होती, ती मी वाचून सांगितली: मुलाला जिथं ठेवलं होतं ती जागा बघायची आहे, आणि ज्या बाईनं त्याला सदरा घातला तिला बघायचं आहे.

सोरहानं चहा दिला, सोडा घालून भाजलेला पाव कापला, लोणी पुढे केलं. मग खोलीचं दार उघडलं. बालबीना खाटेवर पालथी पडली आणि असा आवाज काढून रडली, की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. कितीतरी वेळ. सोरहा चौकटीला हात लावून उभी होती.

संध्याकाळी मला म्हणाली, "मी तिला जवळ घ्यायला हवं होतं का गं?"

"हवं होतं."

"सुचलंच नाही. मी बघत राहिले. कसं रडतात ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य भूमीवरचे दोघं मातीसाठी आले होते. बालबीनाही पेटी घेऊन मागोमाग आवारात आली आणि तिनं ते पाहिलं. ते गेल्यावर तिनं पेटीतून एक फोटो काढला: दुसरा मुलगा, बोटीच्या कठड्याला टेकून उभा. तिनं फोटोवर बोट ठेवलं, समुद्राकडे दाखवलं आणि हात पुढे केला.

सोरहा घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात मॅनसचा फोटो होता. तिनं तो बालबीनासमोर धरला. स्वतःच्या गळ्याशी चिमूट नेऊन गाठ बांधल्याची खूण केली, खालच्या मातीकडे बोट दाखवलं, मग समुद्राकडे. मग मान हलवली: नाही. सावकाश, दोनदा. तिनं एवढं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

बालबीनाला सगळं समजलं. तिनं मॅनसचा फोटो घेतला, शालीच्या टोकानं पुसला, परत दिला. आणि हात पुन्हा पुढे केला.

सोरहा त्या हाताकडे बघत राहिली. मग गुडघ्यावर बसली आणि माती उकरली. "तोरवानच्या नावानं," म्हणाली. दोघी तशाच थांबल्या, एकीचा हात दुसरीच्या हाताखाली. मी बोटीची वेळ झाली म्हणून सांगितलं तेव्हा सुटल्या.

मॅनस सापडला नाही. नोव्हेंबरात मृतांसाठी प्रार्थना होते, तेव्हा प्रत्येक घर आपापल्या माणसांची नावं लिहून फादरकडे देतं. आदल्या नोव्हेंबरात सोरहानं बाप, आई, नवरा एवढीच दिली होती. या वेळी पोस्टात येऊन तिनं माझ्याकडून कागद मागितला, उभ्यानंच पाच नावं लिहिली. चौथं मॅनस, पाचवं आमारो. अक्षर सुरेख, एका ओळीत.

रविवारी चर्चमध्ये फादरनी यादी वाचली. माझ्या शेजारी ती ताठ बसली होती, हातमोजे मांडीवर. बाहेर आल्यावर वाऱ्यात डोकं खाली घालून आम्ही चालत होतो. गडग्यापाशी पोचल्यावर ती म्हणाली, "फादरनी आमारोचं नाव वाचलं नाही."

"वाचलं की. मॅनसच्या लगेच पुढे."

"वाचलं?" ती थांबली. "मग मला ऐकू आलं नसेल. मॅनसच्या पुढचं काहीच ऐकू आलं नाही."

मी तिचा दंड धरला. तो तिनं सोडवून घेतला नाही.