कडक पॅड

मिस्त्रीने पुढचं उजवं चाक उतरवून भिंतीला टेकवलं आणि ब्रेकच्या डिस्कवर अंगठा फिरवला. गणिताची बाई त्याच्या शेजारी उकिडवी बसली होती, मांडीवर वही उघडून. वहीत प्रत्येक फेरीची वेळ होती, प्रत्येक वळणाआधी ब्रेक कुठे दाबला त्याची खूण होती, आणि चुका लाल पेनाने. शाळेतल्या मुली तिला पाठीमागे ‘वेग-काळ-अंतर’ म्हणायच्या. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

“मोठ्या डिस्क घालू या, काका,” ती म्हणाली. “आता तेवढंच उरलंय.”

“या चाकात मावायच्या नाहीत, ताई. मग चाकं बदला, टायर बदला, आणि गाडी जड झाली म्हणून माझ्याकडेच रडत या.” आलेलं गिऱ्हाईक परत पाठवण्यात मिस्त्रीला वेगळंच सुख मिळायचं. “एवढीशी गाडी. हिला चांगले पॅड आणि चांगलं ब्रेक ऑइल पुष्कळ झालं.”

“ते दोन्ही तीन महिन्यांपूर्वी घातलंत की तुम्ही.”

मिस्त्रीने चमकून तिच्याकडे पाहिलं आणि पॅड काढायला पाना शोधू लागला.

तिचा नवरा दाराशी जुन्या टायरांच्या चळतीला टेकून उभा होता. महिन्यातल्या एका रविवारी शर्यतीचा ट्रॅक हौशी लोकांना खुला व्हायचा, आणि दर वेळी हा माणूस कठड्यापाशी स्टॉपवॉच आणि तिची पाण्याची बाटली घेऊन उभा असायचा. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं बरोबरचे लोक म्हणायचे. तीही म्हणायची.

गेल्या रविवारी चौथ्या फेरीत, लांब सरळ रस्त्याच्या टोकाला, तिने ब्रेक दाबला आणि पेडल चिखलात पाय रुतावा तसं खाली गेलं. गाडी ट्रॅक सोडून वाळूत घुसली आणि टायरांच्या भिंतीपासून दोन हातांवर थांबली. अंगाला खरचटलंसुद्धा नाही. पण स्वतःच्या पायावरचा तिचा विश्वास उडाला. तापल्यावरही पकड न सोडणारे कडक पॅड घालूनही ब्रेक दमतात, तर दोष एक तर डिस्कचा किंवा आपल्या पायाचा, हे तिचं समीकरण होतं. मोठ्या डिस्क घालूनही जमलं नाही तर गाडी विकून टाकायची, असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो हो म्हणाला होता.

मिस्त्रीने पॅड काढून उजेडात धरला. त्याचा पृष्ठभाग जळून काचेसारखा चकाकत होता.

“गाडी थंड असताना हे किंचाळायचे का?”

“नाही. अगदी शांत.” याचं तिला नवल वाटलं होतं. नवऱ्याला विचारलंही होतं. चांगल्या प्रतीचे असतील, तो म्हणाला होता.

“कडक पॅड सकाळी सकाळी अख्खी गल्ली उठवतात, ताई. हे साधे आहेत. बाजारात जाऊन भाजी आणायचे.”

“मी तर कडक सांगितले होते.”

“सांगितले होतेत. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. म्हणाले, हिचा विचार बदललाय, साधेच घाला, ऑइलही राहू द्या. मला वाटलं, तुम्ही ट्रॅकचा नाद सोडलात.” मिस्त्रीने दोघांची तोंडं पाहिली, पुसायला कापड हवं असं काहीतरी पुटपुटला आणि मागच्या खोलीत काढता पाय घेतला.

नवरा टायरांपासून हलला नाही.

“ब्रेक चांगले असले की तू आणखी जोरात जाणार,” तो म्हणाला. “साधे असले तर धाक राहील. आपोआप हळू चालवशील, असं वाटलं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू ऐकलं असतंस?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र वर्गातला निघाला.

“वाळूत गेले तेव्हा धावत आलास. माझे बूटसुद्धा तूच काढलेस. मी रडत होते, माझा पाय चुकला म्हणून. तेव्हा काय म्हणालास?”

तो टायरावरची धूळ बोटाने पुसू लागला.

“म्हणालास, होतं असं कधीकधी.”

“अगं, तुला काही झालं असतं तर मी...”

“झालं असतं ते याच्यामुळेच ना?” तिने पॅड त्याच्यासमोर धरला. मग मागच्या खोलीकडे वळून हाक मारली, “काका, कडक पॅड आणि ऑइल. आजच.”

दोन तास लागले. ती बाकावर वही घेऊन बसली. तीन महिन्यांत तिने कितीतरी ठिकाणी लाल अक्षरांत ‘पाय चुकला’ असं लिहिलं होतं. ते खोडावंसंही तिला वाटलं नाही. एकेक वाचत राहिली.

नवे पॅड घातले की ते डिस्कवर घासून नीट बसवावे लागतात. गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर साठचा वेग गाठायचा, जोरात ब्रेक दाबून दहावर आणायचा, न थांबता पुन्हा साठ. असं दहा वेळा. मागून कोणी येऊन धडकू नये म्हणून शेजारी बसलेल्याने पुरतं वळून पाहायचं आणि सांगायचं, मग चालवणाऱ्याने बेलाशक दाबायचा. ते काम नवऱ्याचं. मागच्या खेपेला, त्या साध्या पॅडांसाठीसुद्धा, त्याने ते दहाही वेळा अगदी मन लावून केलं होतं.

आजही तो शेजारी येऊन बसला. तिने ये म्हटलं नाही की उतर म्हटलं नाही.

काटा साठवर आला. त्याने मान वळवली.

“मागे कोणी नाही.”

तिने आरशात पाहिलं. रस्ता लांबवर रिकामा होता. मग तिने ब्रेक दाबला. पॅड कर्कश किंचाळले.

पुन्हा साठ.

“मागे कोणी नाही,” तो जरा हळू म्हणाला. तिने पुन्हा आरशात पाहिलं. या वेळी ते त्याच्या लक्षात आलं.

तिसऱ्या खेपेला त्याने मान वळवली, पण बोलला काहीच नाही. तिने आरशात पाहून ब्रेक दाबला. अजून सात वेळा करायचं होतं.