साहेबांसाठी जपलेला टिलर

मित्रांनो, मी एक जुना पॉवर टिलर आहे. जुना म्हणजे नुसता वयाने. कामाच्या बाबतीत मी अजून कोराच. मातीत फिरून ती भुसभुशीत करायची, एवढ्यासाठी माझा जन्म. पण माझे आयुष्य गेले एका गोठ्यात, ताडपत्रीखाली.

कारखान्यात मला लाल रंग दिला, पात्यांनाही दिला. दुकानात लोक कौतुकाने माझ्यावरून हात फिरवत. मला घेतले ते एकटीने शेती करणाऱ्या एका बाईने. सगळा गाव तिला मावशी म्हणे. सरकारी योजना अशी होती, की आधी पदरचे सगळे पैसे भरून यंत्र घ्यायचे, मग तपासणीला साहेब येणार आणि त्यानंतर निम्मे पैसे अनुदान म्हणून परत मिळणार. मावशीची शिल्लक पुरेना, म्हणून तिने आपली दुभती गाय दूधवाल्याला देऊन त्याच्याकडून पैसे घेतले. माणूस भला होता. म्हणाला, "अनुदान आलं की पैसे द्या आणि गाय घेऊन जा. तोवर मी कुणाला विकत नाही."

निघताना दुकानदाराने मात्र बजावले, "मावशी, साहेब बघेपर्यंत मशीन मातीला लावू नका हं! मागे कुणीतरी जुनं मशीन रंगवून दाखवलं होतं. तेव्हापासून ते ताकही फुंकून पितात. एक ओरखडा दिसला तरी म्हणतील, जुनं आहे."

झाले! गाईच्या रिकाम्या जागी मला उभे केले आणि चाकाला साखळी घालून कुलूप लावले. अंगावर पत्रा ठोकलेला होताच: अनुदानातून घेतलेले, विक्रीस मनाई. इकडे आड, तिकडे विहीर! राबायचेही नाही आणि दुसऱ्या कुणाकडे जायचेही नाही. बाहेरून कुदळीचा आवाज येई. मावशी हाताने रान खणत होती आणि तिचा धडधाकट गडी, म्हणजे मी, सावलीत बसून होतो. मला फार लाज वाटे.

तिचा धाकटा दीर चिडवी, "वहिनी, आता त्याला पाळण्यात घाला आणि झोके द्या!"

"हसा, भावजी, हसा. एकदा साहेब येऊन जाऊ देत. गाय घरी येईल आणि हाही सुटेल."

मीही त्याच आशेवर होतो. एक हंगाम गेला, दुसरा गेला. मावशी रोज माझी धूळ पुसायची आणि पुसता पुसता माझ्याशी बोलायची, गाईशी बोलावे तशी.

शेवटी साहेब आले. मावशीने घाईघाईने ताडपत्री ओढली. साहेब वाकले आणि त्यांनी माझे पाते नखाने खरवडून पाहिले.

"मावशी, पात्यांवरचा रंगसुद्धा गेला नाही. हे कधी चाललंच नाही."

"जपलं ना, साहेब! तुम्ही बघेपर्यंत म्हणून..."

"अनुदान वापरणाऱ्याला मिळतं. नुसतं दाखवायला घेणारेही असतात, मला तसंच लिहावं लागणार. पुढच्या वर्षी परत अर्ज करा."

मला ओरडावेसे वाटले. पण माझा आवाज इंजिनात, आणि इंजिन तर कधी कुणी सुरूच केले नव्हते.

दूधवाला तरी किती थांबणार? त्याच आठवड्यात तो गाय बाजाराला घेऊन निघाला. आमच्या घरावरून जाताना ती सवयीने वळली आणि गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या जागेवर मी होतो. मावशीने तिच्या मानेवरून हात फिरवला आणि दोर दूधवाल्याच्या हाती परत दिला. माझ्या अंगात सात घोड्यांचे बळ आहे म्हणतात. त्या दिवशी मला जरासे बाजूला सरकताही आले नाही.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात असे तुम्हाला शिकवतात. जरूर जपा, पण आम्हाला कोंडू नका. आम्ही राबलो तरच जगतो. आणि तुमच्यातला कुणी मोठेपणी तपासणीला गेलाच, तर यंत्राची पाती पाहून झाल्यावर त्या बाईचे तळहातही बघा. रान कुणी खणले, ते तिथे दिसेल.