आतली कडी

राखणदाराची गोष्ट गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. मोठ्या दुष्काळात लोकांच्या घरात दाणा उरला नव्हता, पण कोठारात पुढच्या पेरणीचं बियाणं होतं. लोक दारावर आले. बायका रडल्या, पुरुषांनी दगड घातले. आपलं मन विरघळेल या भीतीने राखणदाराने आतून कडी लावली ती काढलीच नाही. पुढे दार उघडलं तेव्हा पोती जशीच्या तशी होती आणि त्यांना टेकून बसलेला राखणदार पाण्यावाचून मेलेला होता. त्या बियाण्यावर गाव पुन्हा उभं राहिलं. चौकातला पुतळा त्याचाच.

बाईंनी ही गोष्ट उभी नोकरी वर्गात शिकवली होती. त्यामुळे गावाचा इतिहास छापायचं ठरलं तेव्हा काम त्यांच्याकडे येणार हे उघड होतं. ते घेऊन आले त्यांचे दीर, बाजार समितीचे अध्यक्ष. नवरा गेल्यापासून बाई त्यांच्याच घरात माडीवरच्या खोलीत राहत होत्या, म्हणजे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

"निवांत लिहा, वहिनी," दीर म्हणाले. "फक्त फापटपसारा नको. खरंखुरं येऊ द्या."

खरंखुरं लिहायचं तर कोठार नीट पाहायला हवं, म्हणून बाई एका दुपारी किल्ली मागून घेऊन निघाल्या. कोठार आता रिकामंच असे. दगडी भिंती, उंचावर एकच झरोका, हातभर जाडीचं वाटावं असं दार. कुलूप काढून, बाहेरची लोखंडी आगळ वर करून त्या आत शिरल्या. टेप पसरून भिंत मोजत होत्या तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन आपटलं आणि बाहेर आगळ खटकन खाली खोबणीत बसली.

आधी त्यांना हसूच आलं. इतिहास लिहायला आली आणि इतिहासजमा झाली! मग त्यांनी दार ढकललं. ते तसूभरही हललं नाही. त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. फोन घरी टेबलावर राहिला होता. थोड्या वेळाने हसू पार मावळलं आणि घशाला कोरड पडली. जुन्या धान्याचा कुबट वास नाकात बसला. भिंती आपल्याकडे सरकतायत असं वाटायला लागलं, तेव्हा मन कशाततरी गुंतवावं म्हणून बाई दारच चाचपू लागल्या. वरून खाली, चौकटीच्या कडेने.

आणि त्यांचे हात थांबले. आतून कडी नव्हती. कधी असल्याची खूणही नव्हती. लाकडाला एक भोक नाही, दगडाला एक खोबण नाही. दार तेच जुनं, याचा तर गावाला केवढा अभिमान. या दाराला आतून बंद करायची सोयच नव्हती. ज्याला कोणाला इथे कोंडायचं, त्याला बाहेरूनच कोंडता येत होतं.

बाईंची पाचावर धारण बसली. मग मात्र त्या लाजलज्जा सोडून ओरडल्या. आवाज फाटेपर्यंत ओरडल्या.

दार उघडलं ते समोरच्या न्हाव्याने. खांद्यावर टॉवेल तसाच.

"बाई, तुम्ही होय! मी मघापासून ऐकतोय. वाटलं, पोरं खेळतायत. गिऱ्हाईक अर्धं झालं होतं, म्हटलं उरकू आणि बघू."

"मघापासून म्हणजे?"

"पहिल्या हाकेपासून. त्या झरोक्यातून सगळं येतं हो. आत कोणी शिंकलं तरी दुकानात कळतं."

बाई उंबऱ्यातच खाली बसल्या. न्हाव्याला वाटलं, उन्हाने.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला. "भाऊजी, त्या दाराला आतून कडी नाही."

जाऊबाईंचा वाढायचा हात थबकला. दिरांनी घास सावकाश चावून गिळला. "कोणाला बोललात?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे."

"आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दादालाही होतं." दादा म्हणजे बाईंचा नवरा. एवढ्या वर्षांच्या संसारात तो एका शब्दाने बोलला नव्हता. "राखणदाराला कोठार उघडून वाटून टाकायचं होतं. आजोबांनी बाहेरून आगळ टाकून कुलूप घातलं. रात्रभरात डोकं थंड होईल, सकाळी काढू, या हिशेबाने. सकाळी दारात ही गर्दी. उघडलं असतं तर मूठभरही बियाणं राहिलं नसतं. मग वाटलं, उद्या काढू. आणि मग काढायची सोयच राहिली नाही."

"आणि गोष्ट?"

"गोष्ट आजोबांनी सांगितली, पुतळाही त्यांनीच उभारला. झाकली मूठ राहू द्या, वहिनी. बियाणं वाचलं हे तर खोटं नाही ना? तुमच्या ताटात आहे ते त्याच जमिनीतलं आहे."

बाईंनी ताटाकडे पाहिलं. पुढचा घास उतरेना, आणि उठूनही जाता येईना. खाली या घरातलं जेवण, वर या घरातली खोली. नवऱ्याचा फोटोही याच घराच्या भिंतीवर.

आठवड्याभरात त्या पुन्हा कोठारात गेल्या, या वेळी दाराला दगड लावून. आत एक कडी बसवलेली होती. कुठल्यातरी पाडलेल्या घरातली असावी, चांगली गंजलेली. खिळ्यांच्या डोक्यांवर काळं तेल फासलं होतं. पुढच्या पिढीतला कोणी शहाणा तपासायला आला असता तर त्याला पुरावा सापडला असता.

बाई तिथून तडक शिंपिणीकडे गेल्या. ही राखणदाराची सख्खी नात. बाईंपेक्षा वयाने मोठी, डोळ्यांवर जाड चष्मा, पण मशीनवरचा पाय तरुण. आपण हिच्याकडून मोठाच मान हिरावून घेणार, या विचाराने बाईंची जीभ जड झाली होती. तरी त्यांनी सगळं सांगितलं. आगळ, दार, दिरांचं बोलणं.

शिंपिणीने मशीन थांबवलं. "म्हणजे तो देणार होता?"

"हो."

"देणार होता!" तिने चष्मा काढला. "तुम्हाला पुतळा दिसतो, बाई. माझ्या आईला पाणवठ्यावर बायका तोंडावर म्हणायच्या, तुझ्या बापाने दाराआडून आमची पोरं रडताना ऐकली आणि कडी काढली नाही. भाषणात त्याला थोर म्हणायचे आणि आमच्या घरात मुलगी द्यायला कचरायचे. दगडाच्या काळजाचं घराणं म्हणे!" ती रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. मग तिने चष्मा पुन्हा चढवला. "बाई, तुम्ही आत अडकला होतात ना? त्याने हाका मारल्या असतील. बाहेर ऐकू आल्या असतील का हो?"

बाईंच्या डोळ्यांपुढे न्हाव्याचा टॉवेल आला.

"भिंती फार जाड आहेत," त्या म्हणाल्या. "काही ऐकू येत नाही."

"तेवढं बरं," शिंपीण म्हणाली.

बाईंनी पुस्तकातलं ते प्रकरण खरं लिहिलं, दार आधी जसं होतं तसं. समितीने ते वगळून शाळेच्या पुस्तकातली जुनी गोष्ट छापली आणि लेखिका म्हणून बाईंचंच नाव टाकलं. दिरांनी पहिली प्रत स्वतः माडीवर आणून दिली.

पण शिंपीण काही समितीच्या ताब्यात नव्हती. मापं घेता घेता ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागली, आणि तिच्याकडे कपडे शिवत नाही असं घर गावात नव्हतं. वर्ष सरेपर्यंत नवी गोष्ट घरोघर पोचली. राखणदार देणारा होता, त्याला कोंडलं, आणि तो बिचारा हाका मारत राहिला. पण भिंती इतक्या जाड, की गावाला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. नाहीतर गाव धावलं नसतं का?

एकदा दुधाच्या रांगेत एका म्हातारीने बाईंना ही गोष्ट अगदी रंगवून ऐकवली. "आणि हे पक्कं आहे बरं," ती म्हणाली, "एक शिकलेली बाई स्वतः आत जाऊन बघून आली."

बाईंनी तोंड उघडलं. रांग पुढे सरकली. त्यांनी पातेलं पुढे केलं.